आधी आवाज ऐका, मग बंद करा

जुनी गाडी घ्यायला गेलात, चाचणीसाठी आत बसलात आणि एजंटाने पहिल्याच मिनिटाला गाणी लावली, तर त्याला ती बंद करायला सांगा. एसीही बंद करायला सांगा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. "सर, साउंड सिस्टिम एक नंबर आहे, डॉक्टरांची गाडी होती, शौकाने बसवलेली," असं म्हणत त्याने आवाज वाढवला आणि धाराशिवच्या बाहेर नव्या डांबरावर मला चार किलोमीटर फिरवून आणलं. मी खूश. घरी येऊन बायकोला सांगितलं, गाडी एकदम शांत आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडी सात आसनांची, डिझेलवरची, २०१३ची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात कंपनीचा काही दोष नाही. एसयूव्हीची मला हौसही नव्हती. अम्मीच्या मणक्यातली गादी सरकलेली आहे. दर दीड-दोन महिन्यांनी तिला सोलापूरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. एसटीची उंच पायरी तिला चढवत नाही आणि भावाच्या छोट्या गाडीत वाकून खाली बसणं त्याहून अवघड. कोणीतरी म्हणालं, उंच गाडी घ्या, सीटवर सरळ बसता येतं, सरळ उतरता येतं. ते खरं होतं. तेवढं एकच पाहून मी पावणेपाच लाख मोजले. त्यातले तीन सोसायटीच्या कर्जाचे.

पहिल्याच फेरीत, तुळजापूर यायच्या आत अम्मी म्हणाली, "बेटा, ये गाडी है के आटे की चक्की?"

सोलापूरला पोहोचलो तेव्हा तिला उतरवायला दोघं लागले. ज्या कमरेसाठी गाडी घेतली तिचंच गाडीने वाटोळं केलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कशाने आलात? मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त औषध वाढवलं.

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही. मला वाटलं, आवाज येतोय तर तो अडवायचा. पावसात गळणाऱ्या पत्र्याला डांबर लावतात तसं. शहरातल्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो. तिथे दारांच्या आत, फरशीवर, छताखाली चिकटवायच्या काळ्या चादरी मिळतात, वरून चांदीसारखा कागद. 'डॅम्पिंग शीट' म्हणतात. दुकानदाराने एका उघड्या पत्र्यावर टिचकी मारून दाखवली, टण्ण. चादर लावलेल्या पत्र्यावर मारली, ठप्प. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? साडेअठरा हजार रुपये देऊन अख्खी गाडी आतून मढवून घेतली.

दुकानातून निघालो आणि शाळेच्या वाटेवरच्या गॅरेजात हवा भरायला थांबलो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. नववीत नापास होऊन शाळा सोडलेला. इमल्यात त्याच्या इतक्या चुका असायच्या की लाल शाई संपायची. त्याने माझ्याबरोबर बसून एक चक्कर मारली आणि विचारलं, "सर, उजवीकडं वळताना घरघर वाढते का?" मी म्हटलं, आता काही वाढत-बिढत नाही, साडेअठरा हजार घातलेत. तो म्हणाला, "सर, हे दाबायच्या आधी खाली बघायला पाहिजे होतं. ये कुछ बोलरी गाडी." मी हसलो. नववी नापास पोरगं मला गाडी काय बोलते ते सांगत होतं.

तीन आठवड्यांनी, अम्मीला घेऊन जाताना, तुळजापूरचा घाट उतरत असताना जळक्या ग्रीसचा वास आला. मला वाटलं, ब्रेकचा असेल. मग स्टिअरिंग थरथरायला लागलं. गाडी कडेला घेतली. पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यभागी पाण्याचे दोन थेंब टाकले तर चर्र करून उडून गेले. चाकाचं बेअरिंग संपलं होतं. ते कित्येक दिवस घरघर करून सांगत होतं, मी त्याच्या तोंडावर चादर चिकटवली होती.

अम्मी लिंबाच्या झाडाखाली चटईवर तीन तास आडवी पडून होती. त्या दिवशीची डॉक्टरांची वेळ गेली. तोच मुलगा मोटारसायकलवर जॅक आणि बेअरिंग घेऊन घाटात आला. चाक उचलून दोन्ही हातांनी हलवून दाखवलं. चाक दातासारखं हलत होतं. आणखी पंधरा-वीस किलोमीटर चाललो असतो तर काय झालं असतं, हे मी त्याला विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. जुन्या गाडीचा आवाज कमी करण्याच्या नावाखाली बाजारात जे विकलं जातं त्यातलं बरंचसं आवाज लपवण्याचं सामान आहे. ते वाईट नाही, पण त्याची जागा सगळ्यात शेवटी आहे. सगळ्यात आधी आवाजाला नाव द्यायला हवं.

आणि या कामात मराठीइतकी तयारीची भाषा मला माहीत नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. माझ्या वर्गातली मुलं घरी दखनी बोलतात, उर्दूत अभ्यास करतात आणि मराठी माझ्या तासाला. अनुकरणवाचक शब्द शिकवताना दर वर्षी कोणीतरी विचारतंच, सर, खडखड आणि खणखण में क्या फरक? मी फळ्यावर डबा आणि भांडं काढून दाखवायचो. आता गॅरेजचं उदाहरण देतो, कारण त्या गॅरेजचे उस्ताद, वय साठच्या पुढे, हेच शब्द रोज वापरतात. गाडी आली की पहिला प्रश्न हाच, "कैसा आवाज? खडखड का घरघर? का धडधड?" गिऱ्हाईक 'आवाज येतोय' एवढंच म्हणालं तर त्याला परत पाठवतात. जा, नीट ऐकून ये.

घरघर म्हणजे काहीतरी गोल फिरतंय आणि त्याचा पृष्ठभाग खराब झालाय. वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुतेक वेळा चाकाच्या बेअरिंगची किंवा टायरची. दोघांतला फरक वळणावर कळतो. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा घरघर वाढली तर डाव्या बाजूचं बेअरिंग तपासायचं, डावीकडे वळताना वाढली तर उजवीकडचं. त्या मुलाचा प्रश्न हाच होता. टायरची घरघर वळणावर फारशी बदलत नाही, रस्ता बदलला की मात्र बदलते. डांबरावर एक, सिमेंटच्या रस्त्यावर दुसरी.

खडखड म्हणजे कशाला तरी कशाने तरी धरून ठेवायला हवं होतं आणि ती पकड गेली. लहान दगडांवरून, हळू वेगात, पुढच्या चाकांकडून बारीक खडखड आली तर आधी लिंक रॉडकडे बघतात. दांडा बोटभर जाडीचा, पण त्याची टोकं ढिली झाली की अख्खी गाडी मोडकी वाटते. सायलेन्सरला टांगणारी रबरं तुटली, त्याच्यावरचं उष्णतारोधक पत्र्याचं कवच सुटलं, तरी खडखडच. धडधड ही जड वस्तूंची: शॉकअप, पाटे, इंजिनाचं फाउंडेशन. क्लच सोडताना एकच 'धड' आली तर फाउंडेशनचं रबर किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. किरकिर आणि करकर म्हणजे कोरडं रबर नाहीतर प्लास्टिक. सूं-सूं म्हणजे वारा. टकटक मात्र नीट ऐकायची. डिझेल इंजिन थंड असताना थोडी टकटक करतंच, पण वेग वाढवताना फटफट होत जाणारी टकटक म्हणजे धुराच्या नळीचा सांधा फुटलेला असू शकतो. आणि तो धूर गाडीत आला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो आवाज बुजवून टाकणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

हे सगळं इंजिनाचं की चाकांचं, हेही घरच्या घरी ओळखता येतं. मोकळ्या सपाट रस्त्यावर, समजा ताशी पन्नासच्या वेगाने, तोच वेग ठेवून गिअर बदलायचा. इंजिनाचे फेरे बदलले, गाडीचा वेग तोच राहिला. आवाज बदलला तर तो इंजिनाकडचा, तसाच राहिला तर चाकांकडचा. इतकी साधी परीक्षा मी ब्लॉगवर लिहीपर्यंत माझ्या स्टाफरूममधल्या बारा गाडीवाल्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हती. मीही त्यातलाच.

आता दणके. अम्मीसाठी आवाजापेक्षा तेच महत्त्वाचे होते.

इथे थोडं मागे जावं लागेल. एसयूव्ही हे नाव हल्ली कोणत्याही उंच गाडीला लावतात, पण जुन्या बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गाड्या शिडीसारख्या सांगाड्यावर बसवलेल्या आहेत. दोन लांब लोखंडी तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि त्यावर रबरांच्या आधाराने ठेवलेली माणसं बसायची खोली. आपल्याकडे ही जात जीपमधून आली. १९४५ साली स्थापन झालेल्या 'महिंद्रा अँड मोहम्मद' या कंपनीने मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. वर्गात हे सांगितलं की पोरं डोळे मोठे करतात. सांगायचं एवढंच की जीप ही शेतातून, ओढ्यातून, ओझं घेऊन जायला जन्मली. आरामाचा विचार तिच्यात नंतर आला. तेव्हा अशा गाडीत काही धक्के हा तिचा स्वभाव असतो. पण स्वभाव आणि आजार यांत फरक आहे. "एसयूव्ही आहे, दणके बसणारच," असं जो मिस्त्री गाडी न उचलता सांगतो, तो आजाराला स्वभाव म्हणून खपवतोय असं खुशाल समजा.

माझ्या गाडीचा आजार उस्तादांनी खाली आडवं होऊन दोन मिनिटांत दाखवला. मागे पाट्यांच्या गठ्ठ्यात एक पाटा जास्तीचा होता. कंपनीने दिलेले नव्हे, वरून घातलेला, जाड, गंजलेला. "डॉक्टर की गाडी बोले थे ना?" उस्ताद म्हणाले, "डॉक्टर कांदे ढोता था क्या?" मला तिसऱ्या सीटखाली सापडलेल्या कांद्याच्या साली आठवल्या. आधीच्या मालकाने मागची सीट काढून माल वाहिला होता, आणि गाडी मागून बसू नये म्हणून पाटा वाढवला होता. दोन-तीन पोती ठेवली की तो पाटा ठीक काम करत असणार. पंचेचाळीस किलोच्या अम्मीसाठी तो वाकतच नव्हता. प्रत्येक खड्डा जसाच्या तसा तिच्या मणक्याला पोहोचवत होता.

पाटा काढला. उरलेल्या पाट्यांच्या मधला गंज साफ केला, टोकांना झिजलेल्या चकत्या बदलल्या, शॅकलचे बुश नवे टाकले. गाडी मागून दीड इंच खाली बसली आणि पहिल्यांदा गाडीसारखी चालली.

टायरची गोष्ट तर याहून स्वस्त आणि याहून लाजिरवाणी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, कोणत्या चाकात किती हवा भरायची त्याचा. तो मी कधी वाचला नव्हता. पंक्चरवाला विचारायचा, "चाळीस मारू का सर?" आणि मी मान हलवायचो, कारण जास्त हवा म्हणजे जास्त मायलेज असं आपल्या मनात बसलेलं आहे. स्टिकरवर पुढच्या चाकांसाठी तीसच्या आसपासचा आकडा होता. फुगवून दगड केलेला टायर खड्डा गिळत नाही, तो वर पाठवतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजायची. याला एक रुपया लागत नाही, आणि मला विचाराल तर जुन्या गाडीचा प्रवास सुधारण्याची सुरुवात इथूनच झाली पाहिजे.

टायरच्या कडेला चार आकडेही असतात. माझ्या टायरवर ०९१५ होतं, म्हणजे २०१५च्या नवव्या आठवड्यात बनलेला. नक्षी अजून शिल्लक होती, म्हणून एजंट म्हणाला होता, टायर सत्तर टक्के आहेत. नक्षी सत्तर टक्के असेल, रबर मात्र लाकूड झालं होतं. रबर वापराने झिजतं तसं नुसत्या वयानेही कडक होतं. टायरचंच नाही, गाडीतल्या सगळ्याच रबरांचं तसं आहे: फाउंडेशन, बुश, सांगाडा आणि खोली यांच्या मधले गट्टू, दारांच्या कडा. दहा-बारा वर्षांच्या गाडीत लोखंड धडधाकट असतं आणि रबर मेलेलं. धक्का आणि आवाज यांना वर येण्यापासून अडवणारं तेच होतं. म्हणून माझा हिशेब असा आहे की जुनी गाडी घेताना किमतीच्या दहावा हिस्सा रबरासाठी बाजूला काढूनच सौदा करावा. साउंड सिस्टिम मागाहून.

शॉकअपचं थोडक्यात सांगतो. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडला की ती वर येऊन थांबली पाहिजे. डुलत राहिली, किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसलं, तर जोडीने बदला. एक बदलून एक ठेवू नका. गेलेल्या शॉकअपने टायर उड्या मारतो, जागोजागी खळगे पडून झिजतो, आणि मग तोच टायर बेअरिंगसारखी घरघर करायला लागतो. ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला अंतरही जास्त लागतं.

हे झाल्यावर मी मोबाइलवरचं आवाज मोजणारं अ‍ॅप लावून पाहिलं. ते काही प्रयोगशाळेचं यंत्र नव्हे, पण एकाच फोनने एकाच रस्त्यावर मोजलं तर फरक कळतो. ताशी ऐंशीला, चादरी लावायच्या आधी ७६ डेसिबल होते. साडेअठरा हजारांच्या चादरींनंतर ७४. बेअरिंग, टायर, फाउंडेशन आणि बुश बदलल्यावर ६९. आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी मधल्या सुट्टीत फळ्यावर समजावलं की डेसिबलचं गणित आपल्या बेरजेसारखं नाही. सारख्या जोराचे दोन आवाज असतील आणि त्यातला एक पूर्ण बंद केला, तरी तीनच डेसिबल कमी होतात. कानाला आवाज निम्मा झाल्यासारखं वाटायला साधारण दहा कमी व्हावे लागतात. म्हणून एकच गोष्ट करून गाडी शांत होत नाही, आणि एक आवाज गेला की त्याच्यामागे लपलेला दुसरा ऐकू यायला लागतो. लोक इथे वैतागतात, म्हणतात मिस्त्रीने बिघडवली. बिघडवली नाही, पुढचा आवाज समोर आला एवढंच.

मग त्या चादरी फुकट गेल्या का? पूर्ण नाही. पत्रा थरथरतो तेव्हा चादर त्याची थरथर मारते, दुकानदाराची टिचकी खोटी नव्हती. पण त्यासाठी सगळा पत्रा मढवायची गरज नसते, मोठ्या सपाट पत्र्याच्या मध्यावर एक तृतीयांश भाग झाकला तरी बराचसा उपयोग होतो. माझ्या दारांत तर त्या पोराने चादरी कापून काढल्या, कारण खालची पाणी जायची भोकं बुजली होती. एक पावसाळा गेला असता तर दारं आतून सडली असती. उलट जिथे खरोखर काम होतं तिथे दुकानदाराने बघितलंही नव्हतं. साउंड सिस्टिमची वायर इंजिनाकडून आत आणताना कोणीतरी मधल्या पत्र्याला भोक पाडून रबर न घालता तसंच सोडलं होतं. भिंत कितीही जाड असली तरी तिचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला तर वीस डेसिबलपेक्षा जास्त आवाज ती अडवू शकत नाही, हेही मॅडमनीच सांगितलं. ते भोक तीस रुपयांच्या रबराने बंद झालं. बॉनेटखालचा नमदा उंदरांनी कुरतडून घरट्याला नेला होता, तो नवा बसवला. दारांच्या रबरांची परीक्षा दहाच्या नोटेने केली: नोट कडेला धरून दार लावायचं आणि ओढायची. अडकून आली तर रबर ठीक, सुळकन आली तर तिथून वारा आणि धूळ दोन्ही येणार. टपावरचं रिकामं कॅरिअर काढलं आणि सूं-सूं अर्धी झाली. आमच्याकडे वर्षातून एकदा लग्नाला सामान न्यायचं म्हणून लोक बारा महिने कॅरिअर आणि शिट्टी दोन्ही वागवतात.

खर्च सगळा मिळून एकावन्न हजार झाला, त्यात निम्म्याहून जास्त टायरचे. चादरींचे साडेअठरा वेगळे. उस्तादांच्या बिलात एक ओळ नव्हती. मी विचारलं, गाडी फिरवून पाहिली, दोनदा खाली झोपून ऐकलं, त्याचे किती? तो मुलगाच बोलला. "सर, ऐकायचे पैसे कोणी देत नाही. पार्ट बदलायचे देतात. म्हणून लोक पार्ट बदलतात."

मला वाटतं, या सगळ्या विषयातली मूळ गोष्ट ही आहे. निदानाला आपण किंमत देत नाही. डॉक्टरने नाडी बघितली तर तीनशे रुपये निमूट काढतो, मिस्त्रीने अर्धा तास कान लावून ऐकलं तर 'नुसतं बघितलं तर, त्याचे काय पैसे?' मग तो मिस्त्री ऐकणं सोडतो आणि अंदाजाने सामान बदलत सुटतो, कारण त्याचं पोट सामानावर आहे. अ‍ॅक्सेसरीजवाला चादर विकतो, कारण चादरीला मोजमाप आहे, चौरस फुटाचा दर आहे. कानाला दर नाही. आमच्या वस्त्यांमधून अशा कानांची कितीतरी मुलं आहेत. शाळेने त्यांना कच्चं ठरवून सोडलं, गॅरेजने दिवसाला चारशेवर ठेवलं. त्या मुलाच्या वह्या मी तपासत होतो तेव्हा तो 'सीन' आणि 'स्वाद' यांत गोंधळायचा. दोन्हींचा उच्चार एकच, लिहिताना अक्षर वेगळं, म्हणून त्याला मी नापास करत होतो. जिथे उच्चारात खरोखर फरक आहे तिथे त्याची चूक होत नव्हती, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. आता मी त्याला ऐकायचे दोनशे रुपये वेगळे देतो. आधी घेत नव्हता. आता बिलावर लिहितो, 'आवाज तपासणी', तपासणीतला 'णी' ऱ्हस्व.

गाडीचा दोष किती आणि रस्त्याचा किती, तेही सांगायला हवं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असायला हवा, म्हणजे गाडी त्यावर हळूच चढून हळूच उतरेल. आमच्या रस्त्यावर गावोगावी जे आहेत ते हातभर रुंदीचे उंबरे आहेत, त्यांना कोणताही शॉकअप पुरत नाही. तिथे एकच उपाय, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही चाकं एकदम. आणि म्हाताऱ्या माणसाला मधल्या रांगेत बसवणं. मागची रांग मागच्या चाकांच्या डोक्यावर येते, तिथे गाडी कितीही सुधारली तरी उसळी बसतेच. लोक आदराने आजोबांना खिडकीपाशी मागे मोकळं बसवतात, आणि त्यांचे हाल करतात.

मागच्या महिन्यात अम्मी तुळजापूरच्या अलीकडेच झोपली, घाट उतरून गेल्यावर जागी झाली. सोलापूरला एकटी उतरली, दाराची कड धरून. आता फक्त मागच्या दाराकडून एक किरकिर येते, तीही हिवाळ्याच्या सकाळी, चाळीसच्या वेगात, रिकाम्या गाडीत. उस्तादांनी बिजागरी बघितली, मुलाने कुलपाचा आकडा बघितला, दोघांना सापडलेली नाही. रविवारी मला डिकीत बसवून ते दोघं पुढे गाडी चालवणार आहेत. म्हणाले, सर, इस बार आप सुनो.